सैराटला सिम्फनी शोभते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोष्ट करमाळ्याकडची, बोली तिथली, चेहरे तिथले. मग पाठीमागे लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित केलेला पाश्चात्त्य वाद्यवृंद कशाला? हलगी, संबळ, सनई असती तर ते संगीत त्या मातीचं वाटलं नसतं का? 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला तेव्हापासून हा वाद अधूनमधून डोकं वर काढतो. अजय-अतुलची गाणी उत्तमच आहेत, पण या चित्रपटावर ती वरून चढवल्यासारखी वाटतात, असं म्हणणारे बरेच आहेत आणि त्यांचे कान तयार आहेत. पार्श्वसंगीताचं संकलन आणि मिक्स हेच माझं रोजचं काम असल्यामुळे या वादात मला निर्मितीच्या बाजूनं बोलता येईल.

माझं उत्तर: शोभते. काही जागा मला खटकतात, त्या पुढे येतीलच. पण 'हलगी असती तर शोभलं असतं' हे म्हणणं मला मान्य नाही, आणि वादाचं खरं मूळ तिथेच आहे.

'मातीतलं वाद्य' असं आपण एकगठ्ठा बोलून जातो. मराठी कानाला मात्र नुसतं वाद्य कधी ऐकूच येत नाही. ऐकू येतो तो प्रसंग, आणि प्रसंगाला चिकटून वाजवणाऱ्याची जात. हलगी कडाडली की जत्रा, मिरवणूक, आणि परंपरेनं ती वाजवत आलेला मातंग समाज. संबळ वाजला की गोंधळ. चौंडकं म्हटलं की यल्लम्मा आणि तिचे जोगते. ढोलकी-तुणतुणं म्हणजे तमाशाचा फड. सनई-चौघडा म्हणजे लग्नाचा मांडव, नाहीतर देऊळ. सेकंदभराच्या आवाजात एवढा सगळा पत्ता लिहिलेला असतो. दिग्दर्शकाला तो पत्ता हवा असेल तर यासारखी सोय नाही. 'जोगवा'मध्ये अजय-अतुलनीच तो वापरला आहे. ती गोष्ट जोगत्यांच्या प्रथेच्या आतच घडते, माणसं तिच्यातच अडकलेली आहेत, म्हणून वाद्यंही तिचीच. त्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. 'नटरंग'मध्येही ढोलकी काढून टाकली तर चित्रपटच उरत नाही.

आता परश्याकडे या. मासेमारी करणाऱ्या घरातला पोरगा, जीव जडलाय तो पाटलाच्या पोरीवर. त्याच्या डोक्यात जे वादळ चाललंय त्याला हलगी दिलीत, की पहिल्याच ठोक्याला तुम्ही प्रेक्षकाला सांगून टाकलंत की हा कोण, कुठला आणि गावाच्या कोणत्या टोकाला राहतो. गाव त्याला चित्रपटभर हेच तर सांगतंय. संगीतानंही तेच सांगायचं? वाद्यवृंदाला मराठी कानात जात नाही. डझनावारी माणसं एका श्वासात व्हायोलिनं ओढतात तेव्हा तो आवाज कोणत्या आळीतून आला, हे कुणाला सांगता येत नाही. परश्याला आणि आर्चीला पूर्वार्धात जगायला मिळतं ते याच आवाजात, जिथे त्यांचा पत्ता कुणी विचारत नाही. दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी मनात हाच हिशेब मांडला होता की नाही, त्यावर मी काही म्हणत नाही. पडद्यावर परिणाम हा होतो एवढंच म्हणतो.

दुसरी गोष्ट, हा आवाज परका आहे हे तरी कितपत खरं? मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या वादकांनी आणि संयोजकांनी कित्येक दशकं व्हायोलिनचे ताफे उभे केले. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं श्रेयनामावलीत क्वचितच दिसली, पण त्यांनी लिहिलेल्या सुरावटी आपल्या घराघरांतल्या रेडिओवर वाजल्या. आपल्या आज्यांनी व्हायोलिनचा समूह 'पाश्चात्त्य' म्हणून ऐकलेलाच नाही, सिनेमाचा आवाज म्हणून ऐकला. तालुक्याच्या गावात वाढलेल्या पोराची प्रेमाबद्दलची कल्पना कुठून येते? बरीचशी थिएटरातून. प्रेमात पडल्यावर त्याच्या डोक्यात जे वाजणार ते सिनेमासारखंच वाजणार. हा मुद्दा साधा आहे, पण वादात हमखास निसटतो, कारण वाद घालणारे पार्श्वसंगीत हे जागेचं असतं असं धरून चालतात. ते बहुतेक वेळा पाहणाऱ्याचं असतं. कुणाच्या नजरेतून हा प्रसंग दिसतोय, हे ठरलं की कोणतं वाद्य हा प्रश्न अर्धा सुटतो.

'याड लागलं' जवळून पाहू. परश्या धावत सुटतो, विहिरीत उडी टाकतो, आणि हे सगळं मंदगतीत आहे. मंदगतीचं दृश्य जास्त फ्रेम्सवर चित्रित होतं. त्या वेळी जागेवरचा आवाज घेतला असला तरी तो चित्राच्या लांबीला ताणता येत नाही, ताणला तर घोगरा चिखल होतो. म्हणजे ही दृश्यं जन्मतःच मुकी. पावलांचा, पाण्याचा आवाज नंतर बेतानं घालावा लागतो आणि बाकीचा सगळा भार संगीतावर येतो. इथे तालवाद्याची एक अडचण आहे. हलगीच्या ठोक्याची सुरुवात धारदार असते. असा ठोका ऐकला की डोळा पडद्यावर त्याचा जोडीदार शोधतो: टाच टेकली का, पाणी उडालं का. मंदगतीत तो जोडीदार उशिरा येतो. मग ताल पुढे आणि चित्र मागे फरफटतंय असं दिसायला लागतं. गजानं ओढलेल्या लांब सुराला अशी धार नसते. तो केव्हा सुरू झाला हे कळायच्या आत त्यानं चित्राला धरलेलं असतं. कुणाला खोटं वाटत असेल तर हाताशी असलेलं कुठलंही मंदगतीतलं धावतं दृश्य घ्या आणि त्याच्याखाली हलगीचा तुकडा लावून पाहा. लग्नाचा व्हिडिओ तयार होतो.

त्याच गाण्यात दुसरी एक चांगली जुळणी आहे. गाणं गायलंय अजयनं स्वतः, मोकळ्या, किंचित खरखरीत आवाजात. शब्द बोलीतले, गळ्यातल्या हरकती आपल्या. खाली वाद्यवृंद मात्र जवळजवळ सरळ चालतो, रुंद स्वरसंगती धरून. व्हायोलिनांनीही गळ्याच्या मागोमाग मींड, म्हणजे सुरातून सुरात घसरत जाणं, घ्यायला सुरुवात केली असती तर वर-खाली दोन्हीकडे तेच झालं असतं आणि आवाज गुळगुळीत झाला असता. खालचा थर वाकत नाही म्हणून वरची प्रत्येक हरकत वेगळी ऐकू येते. हेच गाणं एखाद्या घासूनपुसून घेतलेल्या, रेशमी आवाजाकडे गेलं असतं तर टीकाकारांच्या बाजूनं पहिलं मत माझं पडलं असतं. इथला गळा मातीचा आहे, आणि तो आहे म्हणून साथ बाहेरची चालते.

'झिंगाट' चित्रपटात नीट बसतं याबद्दल फारसा वाद नाही. पडद्यावरची माणसं त्याच तालावर नाचतायत, विषय संपला.

आता लॉस एंजेलिस. 'एवढ्या लांब जायची काय गरज, संगणकावर झालं नसतं का?' हाही प्रश्न नेहमीचा. सॅम्पल लायब्ररीतून, म्हणजे आधीच मुद्रित करून ठेवलेल्या वाद्यांच्या सुट्या सुरांतून, आज भलंमोठं पार्श्वसंगीत उभं राहतं, आम्ही रोज करतो. पण लायब्ररी जिथे उघडी पडते ती जागा म्हणजे सुरातून सुरात सरकणारी आणि हळूहळू चढत जाणारी लांब ओळ. खऱ्या ताफ्यात प्रत्येकाचा गज किंचित वेगळ्या क्षणी वळतो, प्रत्येकाचा सूर केसभर इकडेतिकडे असतो. त्या अनियमितपणातून ती ऊब येते. मुंबईत एकेकाळी असा ताफा आठवडाभर काम करत असे. कीबोर्ड आणि संगणक आल्यावर तो विखुरला, आणि सगळे विभाग एकत्र बसवता येतील अशा खोल्याही कमी झाल्या. म्हणून आज आपले संगीतकार तारवाद्यांसाठी चेन्नईला जातात, कुणी बुडापेस्टला, कुणी उत्तर मॅसिडोनियाला. सोनीची ती खोली पूर्वी एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओची होती. १९३९ च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ'चं संगीत तिथलंच. तिथे जायचं कारण हॉलिवूडची झगमग एवढंच नसतं. तारा, फुंकवाद्यं, ब्रास, हार्प सगळे एका हवेत वाजतात, समोर ठेवलेली स्वरलिपी पहिल्या वाचनात वाजवणारे वादक मिळतात, आणि त्या खोलीचा स्वतःचा घुमार रेकॉर्डिंगमध्ये उतरतो. प्रसिद्धीसाठी या गोष्टीचा ढोल भरपूर पिटला गेला, हे खरं. वादाला निम्मं इंधन त्या जाहिरातीनंच पुरवलं, असं मला वाटतं. कुठे मुद्रित झालं हे प्रेक्षकाला आधी सांगितलंच नसतं तर 'हे बाहेरचं आहे' असं किती जणांना ऐकून कळलं असतं?

पण एखाद्या प्रसंगाला संगीत शोभतं का, हा प्रश्न फार छोटा आहे. चित्रपटभर त्याचा उतार कसा आहे, ते पाहावं लागतं. 'सैराट' १७४ मिनिटांचा आहे. गाणी चार, आणि चारही पूर्वार्धात. दोघं पळून हैदराबादला पोचल्यावर एकही गाणं नाही. झोपडपट्टीतली खोली, डोसा विकणाऱ्या सुमनअक्का, बाटल्यांच्या कारखान्यातलं आर्चीचं काम, कानावर न कळणारी तेलुगू. वाद्यवृंद मागे सरतो आणि त्याच्या जागी गल्लीचा, भांड्यांचा, रहदारीचा आवाज येतो. अनेकांनी तक्रार केली की उत्तरार्ध 'वेगळ्याच चित्रपटातला' वाटतो. बरोबर आहे, तो तसाच वाटायला हवा. आर्ची आणि परश्या ज्या सिनेमात राहत होते तो संपलेला असतो आणि घरभाडं सुरू झालेलं असतं. पूर्वार्धात पार्श्वसंगीत काटकसरीनं वापरलं असतं, चार हलग्या आणि एक बासरी एवढ्यावर भागवलं असतं, तर उत्तरार्धात काढून घ्यायला हातात काही उरलंच नसतं.

शेवट सगळ्यांना माहीत आहे. माहेरची माणसं भेटी घेऊन येतात, हत्या दिसत नाही, शेजारणीबरोबर गेलेलं लेकरू परत येतं, आत जातं, रक्तानं माखलेल्या पावलांनी बाहेर येतं. ते रडतंय हे दिसतं, ऐकू येत नाही. मिक्सच्या दृष्टीनं ही फार धाडसाची जागा आहे. असा शांत भाग आला की निर्मात्यांच्या पोटात गोळा येतो: 'थिएटरवाल्याला वाटेल साउंड गेला.' तिथे एखादा एकाकी व्हायोलिन घालायचा मोह कुणालाही झाला असता, अगदी पुरस्कार मिळवणारा मोह. तो आवरला गेला. आणि ती शांतता एवढी बोचते याचं कारण शेवटाइतकंच सुरुवातीतही आहे. मिक्सिंगच्या खोलीत आवाजाची पातळी ठरलेली असते, पडद्यामागच्या प्रत्येक चॅनेलला ८५ डेसिबलचा संदर्भ धरून. पण कान आकडा ऐकत नाही, फरक ऐकतो. त्याच खुर्च्यांत बसून लोक 'झिंगाट'ला शिट्ट्या मारत होते, पडद्यासमोर जाऊन नाचत होते. पुढे आवाज उतरत उतरत जातो, आणि शेवटी खालचा आधारही काढून घेतला जातो. तेव्हा थिएटरात पंख्याची घरघर आणि शेजाऱ्याचा श्वास ऐकू येतो. पूर्वार्धातल्या वाद्यवृंदाचा आकार मला पटतो तो या शेवटावरून मागे मोजत आल्यावर.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. वाद्यांच्या गावाचा नव्हे, सौंदर्याचा: एवढं देखणं संगीत जातीच्या वास्तवाला मखमल गुंडाळतं. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. मंजुळेंचाच 'फँड्री' (२०१३) बघा. त्याचं पार्श्वसंगीत आलोकनंदा दासगुप्ता यांचं, आणि ते मोजकं आहे. अजय-अतुलनी त्या चित्रपटासाठी केलेलं गाणं प्रसिद्धीपुरतं होतं, चित्रपटात नाही. डुकरामागे धावणारं कुटुंब शाळेतलं राष्ट्रगीत कानावर पडताच जिथल्या तिथे थांबतं आणि डुक्कर निसटतं. त्या प्रसंगाला बाहेरून एका सुराचीही गरज नाही. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये पार्श्वसंगीतच नाही, संगीत आहे ते शाहिराच्या मंचावरचं. आणि ही काही नव्या पिढीची टूम नाही. प्रभातच्या 'कुंकू'त १९३७ साली केशवराव भोळ्यांनी पार्श्वसंगीत टाळून नैसर्गिक ध्वनींवरच काम भागवलं होतं. म्हणजे कमी वापरण्याची परंपरा मराठीत जुनी आणि सशक्त आहे, आणि तिच्या चष्म्यातून पाहिलं तर 'सैराट' उधळा वाटणारच.

तरी मला फरक दिसतो तो असा. 'फँड्री'तल्या जब्याला गाव एक क्षणही विसरू देत नाही की तो कोण आहे. संगीत तिथे पसरलं असतं तर खोटं ठरलं असतं. 'सैराट'मधली दोघं मात्र काही काळ खरोखरच विसरतात. ते विसरणं प्रेक्षकालाही झालं पाहिजे, नाहीतर शेवटी त्याच्या हातून काहीच हिसकावलं जात नाही, तो नुसता मान हलवतो: 'हे असंच होणार होतं.' मखमल आहे, पण ती प्रेक्षकाच्या पायाखालून ओढण्यासाठी अंथरलेली.

खटकणाऱ्या जागा म्हणाल तर त्या पूर्वार्धातच आहेत. आर्ची बुलेटवर येते, ट्रॅक्टर चालवते; रिंकू राजगुरूच्या नुसत्या बसण्यातच एवढी ऐट आहे की मंदगती अधिक तारवाद्यं हा दुहेरी साज तिला नको होता. इंजिनाचा आवाज पुरला असता. तीच गत नजरानजरेची: पहिल्यांदा संगीत उसळतं तेव्हा ते परश्याचं असतं, चौथ्यांदा उसळतं तेव्हा दिग्दर्शकाचं वाटायला लागतं. अशा दोन-तीन उसळ्या माझ्या टाइमलाइनवर असत्या तर मी त्या म्यूट करून दिग्दर्शकाला दाखवल्या असत्या. ऐकलं असतं की नाही, ते वेगळं.

या वादाचा निकाल लावायला खरं तर एक आयता प्रयोग उपलब्ध आहे: २०१८ चा 'धडक'. गाण्यांचे संगीतकार तेच, 'याड लागलं'ची चाल 'पहली बार' म्हणून हिंदीत गेली, 'झिंगाट'ही गेलं. गोष्टीचा सांगाडा तोच, फक्त ती उदयपूरला नेली. तिथे तीच सिम्फनी ऐकून पाहा. महाल, तलाव, नीटनेटके कपडे, उजळ घरं. चित्र आधीच श्रीमंत, त्यावर संगीतही श्रीमंत. दोन्ही एकमेकांना दुजोरा देतात आणि कुणीच काही नवं सांगत नाही. करमाळ्यात जो आवाज पोराच्या डोक्यात होता तो उदयपुरात हॉटेलच्या लॉबीत वाजतोय असं वाटतं. वाद्यवृंद गावाला शोभत नाही असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी हे दोन पूर्वार्ध लागोपाठ पाहावेत. परिस्थिती आणि आवाज यांत जे अंतर होतं तेच 'सैराट'चं संगीत चालवत होतं. अंतर बुजवलं की उरते ती सजावट.

एक व्यावहारिक सूचना. ज्यांनी ही गाणी आधी इयरफोनवर, सुटी व्हिडिओ म्हणून ऐकली आणि चित्रपट नंतर टीव्हीवर जाहिरातींसकट पाहिला, त्यांच्या मताला मी थोडं कमी वजन देतो. उद्धटपणानं नव्हे, टीव्हीचं प्रसारण मोठा आवाज दाबतं आणि बारीक उचलतं, त्यामुळे वर सांगितलेला सगळा उतार सपाट होतो. अशा सपाट प्रतीत पूर्वार्ध गोंगाटाचा आणि शेवट बिघडलेला वाटला तर नवल नाही. चांगल्या स्पीकरवर, मध्ये न थांबता, आवाजाच्या बटणाला हात न लावता पाहा आणि मग सांगा.

आणि 'सैराट'नंतर ग्रामीण प्रेमकथांवर जी तारवाद्यांची लाट आली तिचा हिशेब या चित्रपटाच्या नावावर लावू नका. शेतातून धावणारा पोरगा, मंदगती, चढत जाणारी व्हायोलिनं, एवढं सगळ्यांनी उचललं. उत्तरार्धात संगीत काढून घ्यायचं धाडस फार थोड्यांनी दाखवलं, कारण काढून घेतलं असतं तर खाली गोष्टच नव्हती. 'हे संगीत चित्रपटाला शोभत नाही' हे वाक्य त्यांना लावा, मी सही करतो.